मुक्तस्रोत अध्ययन मंचांसाठी क्लाउड सेवापुरवठादाराची निवड

मुक्तस्रोत अध्ययन मंच स्वतःच्या नावाने चालवणाऱ्या शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्थांना ते सॉफ्टवेअर कोणाच्या संगणकांवर ठेवायचे हे ठरवावे लागते. या निर्णयाला क्लाउड सेवापुरवठादाराची निवड असे म्हणतात. मूडल, ओपन एडएक्स, सकाई, कॅनव्हास, चामिलो आणि इलियास हे अशा मंचांपैकी प्रमुख होत. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, मायक्रोसॉफ्ट अझ्युर आणि गूगल क्लाउड या तीन मोठ्या सेवांखेरीज उपलब्ध असलेल्या पुरवठादारांना या संदर्भात ‘पर्यायी पुरवठादार’ असे संबोधले जाते.

मुक्तस्रोत परवान्यामुळे सॉफ्टवेअर कोठेही चालवण्याचा अधिकार संस्थेला मिळतो. मात्र विद्यार्थ्यांची खाती, गुण, उत्तरपत्रिका, चर्चा आणि पाठ्यसाहित्य प्रत्यक्षात पुरवठादाराच्या यंत्रांवर साठवलेले असते. ही सामग्री संपूर्ण स्वरूपात, वाजवी खर्चात आणि ठराविक वेळेत बाहेर काढता येत नसेल, तर परवान्याने दिलेले स्वातंत्र्य कागदावरच राहते. त्यामुळे दर, वेग आणि क्षमता यांच्या जोडीने पुरवठादार सोडून जाण्याची सोय हाही निवडीचा मूलभूत निकष मानला जातो.

## पार्श्वभूमी

मूडलची पहिली अधिकृत आवृत्ती ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी २० ऑगस्ट २००२ रोजी प्रसिद्ध केली. २००४ साली अमेरिकेतील मिशिगन, इंडियाना व स्टॅनफर्ड ही विद्यापीठे आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांच्या सहकार्यातून सकाई प्रकल्प उभा राहिला. ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये मूडल स्वीकारण्याचा निर्णय जाहीर केला. कॅनव्हासचा मूळ संकेत २०११ मध्ये खुला करण्यात आला. हार्वर्ड विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या एडएक्सचे सॉफ्टवेअर जून २०१३ मध्ये ओपन एडएक्स या नावाने सर्वांसाठी उपलब्ध झाले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ‘फन’ हा राष्ट्रीय मंच ओपन एडएक्सच्या आधारे सुरू झाला. भारतात आयआयटी मुंबईचा आयआयटीबॉम्बेएक्स हा मंचही याच सॉफ्टवेअरवर उभारण्यात आला.

सुरुवातीच्या काळात बहुतेक संस्था आपल्याच आवारातील सर्व्हरवर किंवा भाड्याच्या सामायिक होस्टिंगवर हे मंच चालवीत असत. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस३ ही साठवण सेवा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी२ ही संगणन सेवा सुरू केल्यानंतर तासाच्या हिशेबाने आभासी सर्व्हर भाड्याने घेणे शक्य झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये क्लाउड संगणनाची व्याख्या प्रसिद्ध केली. मागणीनुसार स्वतः सेवा घेता येणे, क्षमता लवचीकपणे कमी-जास्त होणे आणि वापराचे मोजमाप होणे ही तिच्यातील काही प्रमुख वैशिष्ट्ये आहेत.

२०२० मध्ये कोविड-१९ महासाथीमुळे जगभरातील शाळा व महाविद्यालये बंद झाली आणि अध्ययन मंचांवरील भार अल्पावधीत अनेक पटींनी वाढला. आठवड्यातून काही वेळा वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरवर संपूर्ण शिक्षण आणि परीक्षा अवलंबून राहिल्या. त्यामुळे क्षमता, उपलब्धता व विदासुरक्षा हे विषय संगणक विभागापुरते न राहता संस्थांच्या प्रशासनापुढे आले.

## अध्ययन मंचाची तांत्रिक रचना

पुरवठादाराची तुलना करण्यापूर्वी मंचाचे घटक समजून घेणे आवश्यक असते. पीएचपी भाषेत लिहिलेल्या मूडलचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग प्रोग्रामच्या संकेताचा. तो मुक्तपणे पुन्हा उतरवून घेता येतो. दुसरा भाग डेटाबेसचा. त्यासाठी सामान्यतः मारियाडीबी, मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल वापरले जाते. तिसरा भाग ‘मूडलडेटा’ नावाच्या फोल्डरचा असून अपलोड केलेल्या सर्व फाइली त्यात असतात. या फाइली मूळ नावाने न ठेवता त्यांच्या आशयावरून काढलेल्या सांकेतिक नावाने साठवल्या जातात आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये नोंदवले जाते. त्यामुळे डेटाबेस व मूडलडेटा यांपैकी एकच हाती राहिल्यास मंच पूर्ववत उभा करता येत नाही. यांखेरीज ठराविक कामे पार पाडणारी ‘क्रॉन’ ही प्रक्रिया दर मिनिटाला चालवण्याची शिफारस केली जाते. वापर वाढल्यावर रेडिससारखी तात्पुरती साठवण व्यवस्थाही जोडली जाते.

ओपन एडएक्सची रचना अधिक गुंतागुंतीची आहे. विद्यार्थ्यांसाठीचा मंच, अभ्यासक्रम तयार करण्याचा ‘स्टुडिओ’, मायएसक्यूएल आणि मोंगोडीबी हे डेटाबेस, रेडिस, शोधयंत्रणा आणि पार्श्वभूमीवर कामे करणाऱ्या प्रक्रिया असे अनेक भाग एकत्र चालतात. ते कंटेनर पद्धतीने बसवण्यासाठी ‘ट्यूटर’ हे साधन वापरले जाते. ट्यूटरच्या दस्तऐवजात किमान ४ गिगाबाइट आणि शक्यतो ८ गिगाबाइट स्मृती असावी असे म्हटले आहे.

थेट वर्गासाठी अनेक संस्था मूडलला बिगब्ल्यूबटन ही मुक्तस्रोत प्रणाली जोडतात. तिच्या गरजा मूडलपेक्षा बऱ्याच वेगळ्या आहेत. प्रकल्पाच्या दस्तऐवजानुसार तिला १६ गिगाबाइट स्मृती, प्रोसेसरचे ८ गाभे आणि दोन्ही दिशांना सेकंदाला किमान २५० मेगाबिट वेग लागतो. म्हणूनच थेट वर्गाची प्रणाली व अध्ययन मंच वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवले जातात. गरजेप्रमाणे ते निरनिराळ्या पुरवठादारांकडेही ठेवता येतात.

## पर्यायांचे प्रकार

उपलब्ध पर्याय साधारणपणे चार गटांत विभागता येतात.

पहिल्या गटात आभासी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपन्या येतात. जर्मनीतील हेट्झनर (स्थापना १९९७), फ्रान्समधील ओव्हीएचक्लाउड (स्थापना १९९९) आणि स्केलवे, तसेच अमेरिकेतील डिजिटलओशन, व्हल्टर आणि लिनोड ही त्यांची उदाहरणे होत. २००३ मध्ये सुरू झालेली लिनोड ही कंपनी २०२२ मध्ये अकामाई या कंपनीने विकत घेतली. यांपैकी काही कंपन्यांची डेटा सेंटर भारतातही आहेत. डिजिटलओशनचे केंद्र बंगळूर येथे, तर लिनोड, व्हल्टर आणि ओव्हीएचक्लाउड यांची केंद्रे मुंबईत आहेत.

दुसऱ्या गटात देशांतर्गत पुरवठादार आणि शासकीय सेवा मोडतात. ई२ई नेटवर्क्स आणि पनवेल येथे मोठे डेटा सेंटर असलेली योट्टा या भारतीय कंपन्या आहेत. शासकीय विभागांसाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रामार्फत ‘मेघराज’ ही क्लाउड सेवा चालवली जाते. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय क्लाउड पुरवठादारांची नामिकासूचीही तयार करते. शासकीय संस्थांच्या निविदांमध्ये पुरवठादार या सूचीतील असावा अशी अट सामान्यतः असते.

तिसरा गट व्यवस्थापित सेवांचा आहे. यात सर्व्हरऐवजी चालू स्थितीतील मंचच भाड्याने मिळतो. मूडलचे अधिकृत भागीदार आणि २०१५ मध्ये सुरू झालेली मूडलक्लाउड ही सेवा या गटात येतात. अद्ययावतीकरण, बॅकअप आणि देखरेख यांची जबाबदारी सेवा देणाऱ्याकडे असते. त्या बदल्यात हवे ते प्लगइन बसवण्यावर किंवा डेटाबेस थेट हाताळण्यावर मर्यादा येऊ शकतात.

चौथा गट संस्थेच्या स्वतःच्या किंवा अनेक संस्थांच्या सामाईक डेटा सेंटरचा आहे. २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी सुरू केलेल्या ओपनस्टॅक या मुक्तस्रोत प्रणालीमुळे विद्यापीठांना आपल्या यंत्रांवर खासगी क्लाउड उभारता येतो. अखंड वीज, वातानुकूलन आणि प्रशिक्षित कर्मचारी यांचा खर्च मात्र संस्थेलाच करावा लागतो.

## निवडीचे निकष

### भार आणि क्षमता

अध्ययन मंचावरील भार एकसारखा नसतो. सुट्टीत तो नगण्य असतो, तर परीक्षेच्या वेळी शेकडो विद्यार्थी एकाच मिनिटाला प्रवेश करतात. मूडलमधील चाचणीत लिहिलेली उत्तरे दर मिनिटाला आपोआप जतन करण्याची सोय असते. ६०० विद्यार्थी एकाच वेळी चाचणी देत असतील, तर केवळ या सोयीमुळे सर्व्हरकडे सेकंदाला सरासरी १० विनंत्या येतात आणि त्यांतील प्रत्येकीमुळे डेटाबेसमध्ये नोंद होऊ शकते. त्यामुळे एकूण नोंदणीकृत विद्यार्थ्यांच्या संख्येपेक्षा एकाच वेळी सक्रिय असणाऱ्यांची कमाल संख्या अधिक महत्त्वाची ठरते.

पुरवठादाराकडे सर्व्हरची क्षमता काही दिवसांपुरती वाढवून पुन्हा कमी करण्याची सोय आहे का, हे येथे तपासावे लागते. अनेक ठिकाणी प्रोसेसर व स्मृती वाढवून नंतर कमी करता येते. परंतु एकदा वाढवलेली डिस्क सहसा लहान करता येत नाही. स्वस्त आभासी सर्व्हरमध्ये प्रोसेसर इतर ग्राहकांसोबत वाटून घेतलेला असतो. नेहमीच्या वाचनासाठी तो पुरेसा असला तरी परीक्षेच्या दिवशी त्याच्या वेगाची शाश्वती नसते.

### अंतर आणि विलंब

प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते जर्मनीतील फ्रँकफर्ट हे सरळ अंतर सुमारे ६,५०० किलोमीटर असल्याने संदेश जाऊन उत्तर परत येण्यास आदर्श स्थितीतही सुमारे ६५ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात समुद्राखालील केबलचा मार्ग वळणावळणाचा असल्याने हा काळ आणखी वाढतो. एखादे पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होत असल्यामुळे युरोपातील स्वस्त सर्व्हर महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला संथ भासू शकतो. लिखित धडे आणि गृहपाठासाठी हा फरक सोसवतो. थेट संवादासाठी मात्र जवळचे डेटा सेंटर श्रेयस्कर ठरते. चित्रे व व्हिडिओ यांच्या प्रती वापरकर्त्याच्या जवळ ठेवणाऱ्या वितरण जाळ्याचा उपयोग करून विलंब काही प्रमाणात कमी करता येतो.

### खर्चाची रचना

सर्व्हरचे मासिक भाडे हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. साठवणूक, बॅकअप, सार्वजनिक पत्ता, तांत्रिक साहाय्य आणि बाहेर जाणाऱ्या विदेचे शुल्क यांची बेरीज करूनच तुलना करावी लागते. मोठ्या तीन पुरवठादारांकडे एका मर्यादेनंतर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गिगाबाइटवर शुल्क आकारले जाते. हेट्झनर, डिजिटलओशन, व्हल्टर आणि लिनोड यांच्या सर्व्हरच्या भाड्यात सामान्यतः विदावहनाचा मासिक कोटा अंतर्भूत असतो.

अध्ययन मंचाच्या बाबतीत हा भेद लक्षणीय ठरतो. १०० मेगाबाइटचा एक व्हिडिओ १,००० विद्यार्थ्यांनी एकदा पाहिला, तरी सुमारे १०० गिगाबाइट विदा बाहेर जाते. सत्रात असे ४० व्हिडिओ असतील, तर हा आकडा ४,००० गिगाबाइटवर पोहोचतो. परदेशी चलनातील देयक, विनिमय दरातील चढउतार आणि कर यांचाही अंदाजपत्रकात विचार करावा लागतो. वार्षिक अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना वापरानुसार बदलणाऱ्या देयकापेक्षा ठराविक मासिक रक्कम हाताळणे सोपे जाते.

### उपलब्धता

पुरवठादार सेवा किती काळ चालू राहील याची हमी टक्केवारीत देतात. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.५ टक्के उपलब्धता म्हणजे ३ तास ३६ मिनिटे, ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे आणि ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ४ मिनिटे २० सेकंद सेवा बंद राहण्याची मुभा होय. हमी मोडल्यास सामान्यतः भाड्यात सूट मिळते. रद्द झालेल्या परीक्षेची भरपाई मिळत नाही. शिवाय ही हमी बहुधा यंत्र व जाळ्यापुरती असते. मंचाचे सॉफ्टवेअर बिघडल्यास ती लागू होत नाही.

### बॅकअप

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाउडच्या डेटा सेंटरला आग लागली. एसबीजी२ ही इमारत पूर्णपणे आणि एसबीजी१ ही इमारत अंशतः नष्ट झाली. जीवितहानी झाली नाही. परंतु ज्या ग्राहकांचे बॅकअपही त्याच परिसरात होते, त्यांपैकी काहींची विदा कायमची गेली. बॅकअप वेगळ्या ठिकाणी आहे की त्याच आवारात आहे, हा प्रश्न करार करतानाच विचारण्याची गरज या घटनेने अधोरेखित केली.

मोठा पुरवठादार निवडल्याने हा धोका नाहीसा होत नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरील खाते मांडणीतील चुकीमुळे पुसले गेले आणि ६ लाखांहून अधिक सदस्यांना काही दिवस सेवा मिळू शकली नाही. निधीने दोन भौगोलिक ठिकाणी प्रती ठेवल्या होत्या. मात्र दोन्ही एकाच खात्याखाली असल्याने त्या एकदमच गेल्या. दुसऱ्या पुरवठादाराकडे स्वतंत्रपणे ठेवलेल्या बॅकअपचा सेवा पुन्हा उभी करण्यास मोठा उपयोग झाला.

या कारणांमुळे विदेच्या किमान तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचा नियम प्रचलित आहे. अध्ययन मंचासाठी वेगळ्या ठिकाणची ही प्रत वेगळ्या पुरवठादाराकडे, वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या पासवर्डखाली असणे इष्ट मानले जाते. तसेच बॅकअपमधून मंच प्रत्यक्ष उभा करून पाहिल्याशिवाय तो बॅकअप विश्वसनीय समजला जात नाही.

### विदासंरक्षण आणि कायदे

अध्ययन मंचावर अल्पवयीनांची माहिती मोठ्या प्रमाणावर असते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक समजली जाते आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. काही वर्गांना सूट देण्याचा अधिकार केंद्र शासनाला आहे. माहिती कशासाठी व कशी वापरायची हे ठरवणारी संस्थाच तिच्या रक्षणास जबाबदार असते. प्रत्यक्ष काम बाहेरच्या पुरवठादाराला दिले, तरी ही जबाबदारी टळत नाही. हा अधिनियम माहिती परदेशी नेण्यास सरसकट मनाई करीत नाही. मात्र विशिष्ट देशांबाबत निर्बंध अधिसूचित करण्याचा अधिकार शासनाकडे आहे. यांखेरीज सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जतन करणे आवश्यक आहे.

युरोपीय महासंघात २५ मे २०१८ पासून सर्वसाधारण विदासंरक्षण नियमन लागू आहे. महासंघाच्या न्यायालयाने १६ जुलै २०२० रोजी ‘श्रेम्स २’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात अमेरिकेकडे विदा पाठवण्याची ‘प्रायव्हसी शील्ड’ ही व्यवस्था अवैध ठरवली. दुसरीकडे, अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तेथील कंपनीला परदेशातील सर्व्हरवरील विदा सादर करण्याचा आदेश दिला जाऊ शकतो. म्हणून डेटा सेंटर कोठे आहे आणि कंपनी कोणत्या देशाच्या कायद्याखाली येते, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे तपासले जातात. युरोपातील अनेक शिक्षणसंस्थांचा स्थानिक पुरवठादारांकडे असलेला कल या पार्श्वभूमीवर समजून घेता येतो.

### मनुष्यबळ आणि जबाबदारीची विभागणी

आभासी सर्व्हर भाड्याने घेतल्यास इमारत, वीज, यंत्रे आणि जाळे यांची जबाबदारी पुरवठादाराकडे राहते. कार्यप्रणाली, डेटाबेस, मंचाचे अद्ययावतीकरण आणि प्रवेशाचे अधिकार संस्थेला सांभाळावे लागतात. ही विभागणी न समजल्यामुळे गंभीर चुका होतात. ‘दीक्षा’ या भारतातील शालेय शिक्षण मंचाची विदा ठेवलेला एक क्लाउड सर्व्हर संरक्षणाविना उघडा राहिल्याने दहा लाखांहून अधिक शिक्षकांचे तपशील पाहता येत होते, असे वृत्त ‘वायर्ड’ या नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये दिले. अशा प्रसंगी दोष क्लाउडच्या यंत्रणेत नसतो. साठवणीचे दार उघडे ठेवणाऱ्या मांडणीत तो असतो.

संस्थेकडे लिनक्स सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती नसेल, तर सर्वांत स्वस्त सर्व्हर अखेरीस सर्वांत महाग पडू शकतो. एकाच कर्मचाऱ्याला सर्व माहिती असणे हाही धोका असतो. ती व्यक्ती संस्था सोडून गेल्यास पासवर्ड, डोमेन नावाचे नूतनीकरण आणि देयके हे सर्वच अडून राहते. त्यामुळे पुरवठादाराकडील खाते आणि डोमेनची नोंदणी व्यक्तीच्या नावाऐवजी संस्थेच्या नावावर ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

## बांधिलकी आणि स्थलांतर

एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे जाणे अवघड किंवा खर्चीक होण्याच्या स्थितीला पुरवठादार-बांधिलकी असे म्हणतात. सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असूनही ती निर्माण होऊ शकते. एखाद्या पुरवठादाराच्या खास डेटाबेस सेवेवर, ओळख-पडताळणी प्रणालीवर किंवा स्वयंचलित रांगेवर मंच बेतला गेला, तर दुसरीकडे जाताना ते भाग नव्याने बांधावे लागतात. याउलट प्रमाण पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मारियाडीबी, एस३-सुसंगत साठवण आणि कंटेनर यांचा वापर केल्यास तीच मांडणी बहुतेक पुरवठादारांकडे चालू शकते.

मोठ्या प्रमाणावरील स्थलांतर शक्य असल्याचे ‘दीक्षा’च्या उदाहरणावरून दिसते. एमआयटी परवान्याखालील ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत संचावर उभारलेला हा मंच ओरॅकलच्या क्लाउडवर नेला जात असल्याचे त्या कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केले. लहान संस्थांच्या बाबतीत स्थलांतराचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

* डोमेन नावाच्या नोंदींचा टिकण्याचा कालावधी आधीच कमी करणे, जेणेकरून नवा पत्ता लवकर सर्वत्र पोहोचेल.
* नव्या ठिकाणी संकेताची तीच आवृत्ती आणि तेच प्लगइन बसवणे. स्थलांतर आणि आवृत्तीबदल एकाच वेळी न करणे.
* जुना मंच देखभाल स्थितीत ठेवून डेटाबेस आणि फाइली एकाच क्षणाच्या स्थितीत उतरवून घेणे.
* नव्या ठिकाणी लॉगिन, गुणपत्रके, अपलोड केलेल्या फाइली आणि क्रॉन तपासणे.
* काही आठवडे जुना सर्व्हर बंद न करता राखून ठेवणे.

स्थलांतरात मंचाच्या पत्त्याला विशेष महत्त्व असते. मूडलमध्ये संकेतस्थळाचा पत्ता मांडणीच्या फाइलीत नोंदलेला असतो आणि धड्यांच्या मजकुरातही पूर्ण पत्त्याचे दुवे आढळतात. पुरवठादाराने दिलेला उपपत्ता वापरला असल्यास सोडताना हे सर्व दुवे बदलावे लागतात. संस्थेचे स्वतःचे डोमेन असल्यास पत्ता तोच राहतो आणि विद्यार्थ्यांना बदल जाणवत नाही.

मराठी, हिंदी, कोंकणी यांसारख्या देवनागरी लिपीतील आशयाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवले जाते. डेटाबेस उतरवताना किंवा भरताना वर्णसंच चुकीचा ठरवला गेल्यास ‘विद्यार्थी’सारख्या शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक अक्षरे दिसू लागतात. प्रश्नचिन्हे जतन झाली असतील, तर मूळ मजकूर त्यातून परत मिळवता येत नाही. मारियाडीबी आणि मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ८एमबी४ हा वर्णसंच दोन्ही बाजूंना ठेवणे आणि काही मराठी पाने डोळ्यांनी वाचून पाहणे हा त्यावरील उपाय होय.

पुरवठादार सोडताना लागणाऱ्या शुल्काबाबत धोरणेही बदलत आहेत. सेवा कायमची सोडणाऱ्या ग्राहकांकडून विदा बाहेर नेण्याचे शुल्क न घेण्याची घोषणा गूगलने जानेवारी २०२४ मध्ये आणि ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांनी मार्च २०२४ मध्ये केली. युरोपीय महासंघाचा विदा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून १२ जानेवारी २०२७ पासून पुरवठादार बदलण्याचे शुल्क आकारण्यास त्यात मनाई आहे. शुल्क गेले, तरी मांडणी नव्याने बसवण्याचे श्रम मात्र उरतातच.

## परवान्यांचा प्रश्न

मूडल जीपीएल आवृत्ती ३ या परवान्याखाली, तर ओपन एडएक्सचा मुख्य मंच आणि कॅनव्हास एजीपीएल आवृत्ती ३ खाली उपलब्ध आहेत. पुरवठादाराच्या सर्व्हरवर हे सॉफ्टवेअर चालवल्याने त्याचे मालकी हक्क पुरवठादाराकडे जात नाहीत. जीपीएलखालील सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ते केवळ आपल्या सर्व्हरवर चालवल्यास बदललेला संकेत प्रसिद्ध करण्याचे बंधन नसते. एजीपीएलमध्ये मात्र जाळ्यावरून वापर करणाऱ्यांना तो संकेत उपलब्ध करून द्यावा लागतो. व्यवस्थापित सेवा घेताना पुरवठादाराने जोडलेली खास प्लगइन मुक्त आहेत की नाहीत, हे तपासणे गरजेचे ठरते. तसे नसल्यास सेवा सोडल्यावर त्यांवर आधारलेले उपक्रम बंद पडतात.

## मर्यादा

पर्यायी पुरवठादार प्रत्येक संस्थेला सोयीचे असतातच असे नाही. लाखो विद्यार्थ्यांच्या एकाच वेळी होणाऱ्या परीक्षा, अनेक देशांतील केंद्रे किंवा विशिष्ट प्रमाणपत्रांची अट असेल, तर मोठ्या पुरवठादारांकडील सेवांची व्याप्ती उपयुक्त ठरते. लहान कंपन्या विकल्या जाणे, दर वाढणे किंवा एखादे डेटा सेंटर बंद होणे याही शक्यता असतात. उलटपक्षी, काहीशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला एका मध्यम आभासी सर्व्हरवर मूडल समाधानकारकपणे चालवता येते आणि मोठ्या क्लाउडची गुंतागुंतीची मांडणी त्याला अनावश्यक ओझे ठरते. जेथे इंटरनेट अस्थिर आहे, अशा ठिकाणी क्लाउडऐवजी शाळेतील स्थानिक सर्व्हरवर चालणारा कोलिब्रीसारखा मंच अधिक योग्य ठरू शकतो.

कोणताही पर्याय निवडला, तरी संस्थेच्या हाती तीन गोष्टी राहणे आवश्यक समजले जाते: स्वतःच्या नावावरील डोमेन, पुरवठादाराबाहेर ठेवलेला आणि पडताळून पाहिलेला बॅकअप, आणि मंच नव्याने उभारण्याची लिखित कृती. या तिन्हींच्या आधारे पुरवठादार बदलता येतो, बंद पडला तरी सावरता येते आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी सुरक्षित राहतात.

## हेही पहा

* मूडल
* ओपन एडएक्स
* मुक्तस्रोत सॉफ्टवेअर
* क्लाउड संगणन
* अध्ययन व्यवस्थापन प्रणाली
* डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३